कागद गिरणीच्या राखेचे पेव्हर ब्लॉक : ऑर्डर देण्याआधी एवढं वाचा

शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारून ती दुधाळ केलेली आठवते ना? आमचं काम तेवढंच आहे. फुंकर जरा मोठी, आणि निवळीच्या जागी कागद गिरणीची राख.

राखेत चुना कुठून आला, हे सगळेच विचारतात. वहीचा कागद पांढराशुभ्र आणि गुळगुळीत दिसतो तो नुसत्या लगद्यामुळे नाही, त्यात खडूची, म्हणजे चुनखडीची, बारीक पूड घातलेली असते. रद्दीपासून कागद करताना लगदा धुतला की शाई, तुटके तंतू आणि ही पूड गाळ होऊन बाहेर पडते. काही गिरण्या तो गाळ बॉयलरमध्ये जाळतात. तंतू जळून जातात, खडूतला कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून निघून जातो आणि राखेत कळीचा चुना मागे राहतो. गेलेला वायू त्याला परत हवाच असतो. उघड्यावर ठेवला तर तो हवेतून थोडा थोडा घेत राहतो. आम्ही ब्लॉक साच्यातून काढून बंद खोलीत रचतो आणि आत वायू सोडतो, म्हणजे महिन्यांचं काम दिवसांत उरकतं. (कुर्ल्याच्या आमच्या गाळ्यात गाळ येत नाही, तिथे फक्त ऑफिस आहे. हे सगळं भिवंडीकडच्या यार्डात चालतं.)

हिशोब रसायनशास्त्राच्या पुस्तकातलाच. ५६ किलो शुद्ध कळीचा चुना ४४ किलो वायू घेतो आणि १०० किलो चुनखडी होते. राख मात्र शुद्ध चुना नसते. तिच्यात चिनी मातीही असते आणि प्रत्येक गाडीचा माल वेगळा निघतो. म्हणून ‘एका ब्लॉकमागे इतके ग्रॅम वायू शोषला’ असा आकडा आम्ही छापत नाही. नुसतं वजन करूनही चालत नाही, कारण त्याच वेळी ब्लॉकमधलं पाणी उडत असतं. नमुना आधी सुकवून मग भट्टीत तापवून घेतलेला वायू बाहेर काढून मोजावा लागतो, आणि राखेत पहिल्यापासून असलेली चुनखडी वजा करावी लागते. ही वजाबाकी कोणी गाळली तर आकडा छान फुगतो.

आता एक स्पष्ट सांगतो. बांबू किंवा लाकूड शिजवून लगदा करणाऱ्या गिरण्यांत कॉस्टिक (लगदा शिजवायचं रसायन) परत मिळवताना चुन्याचा वेगळा गाळ निघतो. बांबूतल्या सिलिकामुळे तो पुन्हा भट्टीत भाजून वापरणं जिकिरीचं होतं, म्हणून त्याचे ढीग साचतात. पण तो बहुतेक सगळा आधीच चुनखडी झालेला असतो. त्याचं पोट भरलेलं आहे, तो आणखी वायू काय घेणार? भराव म्हणून चांगला, आम्हीही थोडा घालतो. ‘आमचा चुन्याचा गाळ कार्बन शोषतो’ असं कोणी सांगितलं तर एवढं जरूर विचारा. आणि बल्लारपूरच्या कागद गिरणीतून माल का मागवत नाही, असं विचारणाऱ्यांसाठी : तिथून मुंबई आठशे किलोमीटरच्या वर आहे आणि एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

आम्ही वापरतो तो सिलिंडरचा वायू डिस्टिलरीतून येतो, उसाची मळी आंबताना निघालेला. उसाने तो हवेतूनच घेतलेला असतो. तरीही ‘पर्यावरणाचा उद्धार’ वगैरे म्हणणार नाही. खडूने धुराड्यातून जे सोडलं, त्याची ही परतफेड आहे, आणि तीही पुरती होत नाही. त्याहून मोठा फायदा म्हणजे मिश्रणात सिमेंट कमी लागतं. सिमेंटच्या क्लिंकरमागे (भट्टीतून निघणारे खडे, ते दळून सिमेंट होतं) टनाला साधारण ८०० किलो वायू सुटतो.

पहिल्या वर्षी आमची एक चूक झाली. राख नीट विरवली नव्हती, म्हणजे पाणी घालून तिच्यातला चुना आधीच फुगू दिला नव्हता. एका सोसायटीत ब्लॉक बसवले, पाऊस पडला, आत राहिलेला कळीचा चुना फुगला आणि कडांचे टवके उडाले. सेक्रेटरींनी टवके प्लास्टिकच्या पिशवीत भरून आमच्या टेबलावर आणून ठेवले. सगळे ब्लॉक बदलून दिले. तेव्हापासून राख आधी भिजवून, विरवून मुरत ठेवतो आणि मगच साच्यात घालतो.

पावसाळ्यात डिलिव्हरीला उशीर होतो. ब्लॉक ओलाचिंब असला तर छिद्रं पाण्याने भरलेली असतात, वायू आत शिरत नाही. अगदी कोरडा असला तरी क्रिया होत नाही, थोडी ओल लागतेच. मुंबईच्या जुलैत ही ओल साधणं कठीण, तेव्हा ऑर्डर जमल्यास मे महिन्याआधी द्या.

हा माल पार्किंग, पायवाट आणि बागेच्या कडेसाठीच आहे. सळई असलेल्या कामात, म्हणजे स्लॅब, बीम, कॉलममध्ये हे मिश्रण वापरू नका. वायू घेतलेल्या काँक्रीटचा अल्कधर्मीपणा (चुन्याचा गुण) उतरतो आणि सळईला गंजापासून मिळणारं संरक्षण जातं. समुद्राकाठच्या हवेत हा धोका आणखी वाढतो. कॉन्ट्रॅक्टरने ‘चालतंय हो’ म्हटलं तरी आमच्याकडून मिळणार नाही.

ताकदीचा रिपोर्ट आयएस १५६५८ (पेव्हर ब्लॉकचं भारतीय मानक) प्रमाणे प्रत्येक लॉटला देतो. आणखी एक चाचणी तुमच्यासमोर करून दाखवतो. ब्लॉक फोडायचा आणि ताज्या तुटीवर फिनॉल्फ्थॅलीन, म्हणजे चुना लागला की गुलाबी होणारं द्रावण, शिंपडायचं. जिथे गर्द गुलाबी झालं, तिथे चुना अजून उपाशी आहे. रंग आला नाही, तिथपर्यंत वायू पोचला. मधे बोटभर गुलाबी पट्टा राहिलाच, तर तो लॉट पुन्हा खोलीत जातो. ब्लॉक तुम्ही निवडायचा, फोडलेल्याचे पैसे लावत नाही.

शेवटचं, सफाईवाल्यांना सांगून ठेवा : डाग काढायला संडासचं ॲसिड ओतू नका. ओतल्यावर फसफसून फेस येतो, तेव्हा ॲसिड काम करतंय असं वाटतं. तो फेस म्हणजे आपण कोंडून ठेवलेला वायू. साबणाचं पाणी आणि खराटा पुरतो.