काओशुंगच्या महापौराचं रिकॉल: थोडी पार्श्वभूमी

रिकॉल म्हणजे निवडून आलेल्या माणसाला मतदान घेऊन मधेच पदावरून काढणं. नोव्हेंबर २०१८ ला क्वोमिंतांग (केएमटी) पक्षाचा हान कुओ-यू तैवानमधल्या काओशुंग शहराचा महापौर म्हणून निवडून आला तेव्हाच लोक चाट पडले होते, कारण २० वर्षं तिथे ग्रीनवाल्यांचीच (विरोधी डीपीपी पक्षाची) सत्ता. नव्वदच्या दशकात खासदार, मग बरीच वर्षं अडगळीत, मग तैपेचा घाऊक भाजीबाजार चालवणाऱ्या कंपनीचा मॅनेजर. टक्कल, 'मी साधा भाजीवाला' आणि 'माल बाहेर, माणसं आत, काओशुंग मालामाल' ही घोषणा. मतं पडली ८,९२,५४५.

पुढचं माहितीच आहे. वर्षसुद्धा झालं नाही तोच राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी घेतली, ऑक्टोबर २०१९ पासून चक्क रजा टाकून प्रचार, जानेवारीत आपटला आणि परत ऑफिसात हजर. शहराचा राग नेमका ह्याच्यावर.

खरा घोळ एका वर्षाच्या अटीचा. कायदा म्हणतो, पदावर वर्ष भरायच्या आत रिकॉल करता येत नाही. आता 'रिकॉल करणं' म्हणजे नक्की काय, अर्ज देणं की सह्या गोळा करणं? शपथ २५ डिसेंबर २०१८ ची. रिकॉलवाल्यांनी पहिल्या टप्प्याच्या (१ टक्का मतदार) सह्या आधीच घेऊन ठेवल्या आणि वर्ष भरल्यावर लगेच, २६ डिसेंबरला, गठ्ठे नेऊन दिले. महापौराचं म्हणणं, सह्याच मुदतीआधीच्या, म्हणजे सगळं बेकायदा. निवडणूक आयोग म्हणाला अर्ज कधी आला ते बघायचं, सही कधी केली ते नाही. महापौराने कोर्टात स्टे मागितला, एप्रिल २०२० मधे तो फेटाळला गेला. मला कोर्टाचं पटतं, कागदावर सही केली म्हणून कोणी पदावरून जात नाही. पण ते वर्ष नव्या माणसाला उसंत म्हणून दिलेलं असतं आणि त्यातच सह्या चालू, हेही जरा खटकतंच.

आधी निम्म्या मतदारांनी मत दिल्याशिवाय रिकॉल पासच व्हायचं नाही. २०१५ ला तैपेतल्या एका खासदाराच्या रिकॉलचं मतदान २५ टक्क्यांच्या आसपास अडकलं. २०१६ ला ती अट गेली, एकूण मतदारांच्या पाव हिस्सा 'हो' आणि 'नाही'पेक्षा जास्त 'हो', बस.

६ जून २०२० ला रिकॉलचं मतदान झालं. महापौराने आपल्या लोकांना मत द्यायला जाऊच नका सांगितलेलं, त्यामुळे बूथवर दिसला तो 'हो'वाला, कसलं गुप्त मतदान! 'नाही' २५,०५१, 'हो' ९,३९,०९०, गरज पावणेसहा लाखांची. ऑगस्टच्या पोटनिवडणुकीत २०१८ ला हरलेलाच उमेदवार ७० टक्के मतं घेऊन आला.

रिकॉल झालेला माणूस फेब्रुवारी २०२४ ला थेट संसदेचा सभापती झाला. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमधे त्याच्या पक्षाच्या ३१ खासदारांवर रिकॉल लागलं, एकही पडला नाही. त्याआधी डिसेंबर २०२४ ला ह्याच पक्षाने कायदा कडक केला, आता सहीबरोबर ओळखपत्राची झेरॉक्स लागते. रिकॉलची मतं निवडून येतानाच्या मतांपेक्षा जास्त हवीत असाही प्रस्ताव होता, तो मागे पडला. तो २०२० ला लागू असता तरी हा महापौर वाचला नसता, साडेसेहेचाळीस हजार मतं वरच होती.