पुन्हा एकदा अंक पहिला

गोव्यात फोंड्याला राहणाऱ्या माझ्या भाच्याने गेल्या महिन्यात नव्याने सुरू झालेल्या एका सुपरहिरो कॉमिकचा पहिला अंक मागवला. पार्सल येईपर्यंत रोज चौकशी चालली होती. अंक हाती आला, दहा मिनिटांत वाचून झाला, आणि तो म्हणाला, "मामा, ह्यात काही झालंच नाही." नायक गच्चीवर उभा, खाली शहर, दोघांचं थोडं बोलणं, शेवटच्या पानावर एक सावली आणि 'क्रमशः'. पोराचा चेहरा उतरला होता. ही निराशा त्याच्या एकट्याची नाही, आणि आजची तर नाहीच.

एके काळी प्रकाशकांना 'अंक १' छापायचीच भीती वाटे. अमेरिकेत 'फ्लॅश कॉमिक्स' हे मासिक १९४९ मध्ये १०४व्या अंकावर बंद पडलं. त्यातला फ्लॅश म्हणजे विजेच्या वेगाने धावणारा नायक. १९५६ मध्ये डीसी या प्रकाशन कंपनीने 'शोकेस' मासिकाच्या चौथ्या अंकात नवा फ्लॅश आणला. नाव आणि वेग जुनाच. माणूस, पोशाख, गोष्ट सगळं नवं. तो वाचकांना आवडला आणि १९५९ मध्ये त्याला स्वतःचं मासिक मिळालं. त्याच्या पहिल्या अंकावर आकडा होता १०५! पेपरवाल्याच्या स्टॉलवर जुनं, टिकलेलं मासिक पुढे मांडलं जाई. एक नंबरचं म्हणजे चालेल की नाही कोण जाणे, असा हिशेब. न खपलेले अंक परत जात, त्यामुळे धोका प्रकाशकाचाच.

सत्तरच्या दशकात हा हिशेब उलटला. फक्त कॉमिक्स विकणारी दुकानं निघाली. त्यांना सवलत जास्त मिळे, पण उरलेला माल परत करता येत नसे. उरलेले अंक जुने अंक म्हणून विकायचे, आणि जुन्यात किंमत कशाला, तर पहिल्या अंकाला. सुपरमॅन पहिल्यांदा आला तो १९३८ चा 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक केवढ्याला जातो हे सगळ्यांना दिसत होतं. मग संग्रह करणारे एकाच्या जागी चार प्रती घेऊ लागले. १९९१ मध्ये मार्व्हल या दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या नव्या 'एक्स-मेन' मासिकाचा पहिला अंक वेगवेगळ्या पाच मुखपृष्ठांसह आला आणि त्याच्या ८० लाखांवर प्रती दुकानांत गेल्या. जी गोष्ट ८० लाख ठिकाणी आहे, ती दुर्मीळ कशी होणार? काही वर्षांत बाजार कोसळला, दुकानं बंद झाली, आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. पण पहिल्या अंकाची चटक काही सुटली नाही.

आमच्या भाच्याचं दुखणं मात्र आणखी एका बदलातून आलेलं आहे. १९६२ मध्ये स्पायडरमॅन पहिल्यांदा आला तो ११ पानांत. कोळी चावला, शक्ती आली, गर्व झाला, काका गेले, अक्कल आली, गोष्ट पुरी. २००० साली हीच गोष्ट 'अल्टिमेट स्पायडरमॅन'मध्ये नव्याने सांगितली, तेव्हा तिला सात अंक लागले. ते लेखन चांगलं होतं, हे मी मान्य करतो. पण तोवर पाच-सहा अंक एकत्र बांधून पुस्तक काढायची आणि ते पुस्तकांच्या दुकानात विकायची पद्धत पडली होती, आणि लेखक त्या मापाने कथा बेतू लागले. पहिला अंक म्हणजे आता पुस्तकाचं पहिलं प्रकरण. किंमत मात्र पूर्ण अंकाची.

हे सगळं एकत्र आलं २०११ मध्ये. डीसीने आपली मासिकं थांबवून ५२ नवी मासिकं एक नंबरपासून सुरू केली. ९०४ अंकांपर्यंत पोचलेलं 'ॲक्शन कॉमिक्स'सुद्धा पुन्हा एकवर आलं. सुरुवात केली 'जस्टिस लीग'ने. मुखपृष्ठावर सातजण, आत मुख्यतः बॅटमॅन आणि ग्रीन लँटर्न. सुपरमॅन शेवटच्या पानावर, आणि वंडर वूमन, ॲक्वामॅन, फ्लॅश यांचा पत्ताच नाही. अंक दोन लाखांच्या वर खपला. पण जुन्या वाचकांना लागलं ते वेगळंच. सुपरमॅन आणि त्याची प्रेयसी लोइस यांचं १९९६ मधलं लग्न जणू झालंच नव्हतं. वीस-वीस वर्षं जपलेली नाती अशी पुसली गेली, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. पाच वर्षांनी, २०१६ मध्ये, डीसीने पुन्हा नवा डाव मांडला. या वेळी 'नायकांच्या आयुष्यातली दहा वर्षं कुणीतरी चोरली' असं कथेतच कबूल केलं, आणि 'ॲक्शन कॉमिक्स'चे आकडे, मधले अंक धरून, ९५७ पासून पुढे चालू झाले.

गोव्यात माझ्या आधीच्या पिढीला सुपरहिरो भेटला तो असा मोडूनतोडून नव्हे. डिसेंबर १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. आणि मार्च १९६४ मध्ये मुंबईत टाइम्स ऑफ इंडियाने 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केलं. पुढे मराठीत त्यातला फँटम, म्हणजे जंगलात राहणारा मुखवटाधारी नायक, झाला 'वेताळ'. हे नाव आपल्याकडे परकं नव्हतंच. आमोणे, लोलये, पैंगीण इथे वेताळाची देवळं आहेत. तो रात्री गावाची फेरी मारतो, वाहिलेल्या वहाणा त्याच्या पायांत झिजतात, अशी श्रद्धा आहे. मूळ इंग्रजीतही फँटमला 'चालणारं भूत' म्हणतात. राखणदार रात्री फिरतो, हे गोव्यातल्या पोराला समजावून सांगावं लागलं नाही.

त्या कथेत मुखवट्यामागचा माणूस बदलतो. १५३६ मध्ये चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेल्या पहिल्या फँटमने कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, आणि बापामागून मुलगा असे करत आजचा एकविसावा. माणूस नवा, पण मागचं काही पुसलेलं नाही. गुहेत सगळ्यांच्या नोंदवह्या आहेत. इंद्रजालचे ८०३ अंक निघाले आणि १९९० मध्ये ते बंद झालं. बहुतेक अंकांत गोष्ट त्याच अंकात संपे. स्टॉलवर हाताला येईल तो अंक उचलायचा आणि घरी येईपर्यंत वाचून टाकायचा.

भाच्याचा तो अंक अजून टेबलावरच पडला आहे. दुसरा मागवायचा का, हे त्याने ठरवलेलं नाही. सहावा आला की सगळे एकदम घेऊ, असं त्याची आई म्हणते.