द आयरिशमन

मार्टिन स्कोर्सेसी (जन्म १९४२) यांनी दिग्दर्शित केलेला अमेरिकी गँगस्टरपट (२०१९). लांबी २०९ मिनिटे. पटकथा स्टीव्हन झेलियन यांची असून तिला चार्ल्स ब्रँट यांच्या २००४ मधील पुस्तकाचा आधार आहे. ट्रकचालक फ्रँक शीरन (रॉबर्ट डी नीरो) पेन्सिल्व्हेनियातील माफियाप्रमुख रसेल बफलिनो (जो पेशी) याचा विश्वासू मारेकरी बनतो आणि शेवटी त्याच्याच सांगण्यावरून आपला मित्र, ‘टीमस्टर्स’ कामगार संघटनेचा नेता जिमी हॉफा (अल पचीनो) याचा जीव घेतो. ही हकिगत वृद्धाश्रमात चाकाच्या खुर्चीत बसलेला शीरनच सांगतो. खरा हॉफा ३० जुलै १९७५ रोजी डेट्रॉइटजवळून बेपत्ता झाला. त्याचा मृतदेह अद्याप सापडलेला नाही. त्याला आपणच मारले हा खऱ्या शीरनचा दावा अनेक अभ्यासकांना मान्य नाही. त्यामुळे चित्रपटाकडे इतिहास म्हणून नव्हे, एका म्हाताऱ्याची कैफियत म्हणून पाहावे.

स्कोर्सेसी, डी नीरो आणि पेशी हे त्रिकूट ‘कसिनो’नंतर (१९९५) इथे पुन्हा एकत्र आले. पचीनो मात्र स्कोर्सेसींकडे प्रथमच. सगळेच सत्तरी ओलांडलेले. तरुणपणीच्या प्रसंगांसाठी चेहऱ्यांवर हालचाली टिपण्यासाठीचे खुणेचे ठिपके न लावता, मुख्य कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना अवरक्त (इन्फ्रारेड) कॅमेरे लावून चित्रण झाले व संगणकावर वय उतरवले गेले. सुरकुत्या गेल्या, चाल गेली नाही. लेकीला ढकलले म्हणून शीरन दुकानदाराला तुडवतो, तेव्हा लाथ मारणारे शरीर म्हाताऱ्याचेच आहे हे लपत नाही.

पण चित्रपटाचे मोठेपण ही उणीव झाकते. स्कोर्सेसींच्याच ‘गुडफेलाज’मधल्या (१९९०) गुंडगिरीला वेग होता, झिंग होती. इथे एखादा गुंड पडद्यावर येताच तो कधी, कसा मेला हे अक्षरांत उमटते. जे जिवंत राहिले, त्यांच्या वाट्याला म्हातारपण आले. एके काळी शीरन आणि बफलिनो हॉटेलात वाइनमध्ये पाव बुडवून खात. पुढे तुरुंगात त्याच पावाला द्राक्षाचा रस लावला जातो आणि बफलिनोला तो धड चावत नाही. दुकानदाराची ती मारहाण पाहिलेली मुलगी पेगी (मोठेपणी अॅना पॅक्विन) चित्रपटभर क्वचितच बोलते. हॉफा गायब झाल्यावर ती बापाशी कायमचे बोलणे टाकते. तिच्या या अबोल्याइतकी कठोर शिक्षा चित्रपटात दुसरी नाही. अखेरीस शीरन नर्सला जुने फोटो दाखवतो. त्यातला हॉफा कोण, हे तिला माहीत नसते.