ट्रॅक कुणाचं ऐकत नाही

कराओकेच्या कार्यक्रमात न गाणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारतात : "तुम्ही गात नाही? मग नुसतं ऐकायलाच आलात?" विचारणाऱ्याच्या मनातला हिशोब साधा असतो. माइक हातात धरणारे म्हणजे कार्यक्रम, उरलेले म्हणजे भरलेल्या खुर्च्या. पुण्या-ठाण्यापासून नाशिक-कोल्हापूरपर्यंत हल्ली कराओकेचे ग्रुप आहेत. ज्याचा त्याचा ट्रॅक, म्हणजे गाण्याची ध्वनिमुद्रित साथ, मोबाइलमध्ये नाहीतर पेनड्राइव्हवर, आणि आपला नंबर येईपर्यंत इतरांचं गाणं गोड मानून घ्यायचं, असा एकूण मामला. तिथे जो नंबरच लावत नाही तो फुकट्या ठरतो. हा हिशोब चुकीचा आहे, आणि तो कुठे चुकतो हे भौतिकशास्त्राला बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं.

आधी थोडा इतिहास. दाइसुके इनोउए हे जपानच्या कोबे शहरातले, बारमध्ये गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करणारे वादक. त्यांच्या एका गिऱ्हाइकाला, छोट्या कंपनीच्या मालकाला, बाहेरगावी जाऊन गायचं होतं. इनोउएंना सोबत जाणं जमेना, म्हणून त्यांनी साथ टेपवर भरून दिली. गृहस्थांचं गाणं बेताचं होतं. ते कुठे रेंगाळतात हे इनोउएंना माहीत होतं, आणि टेपही त्यांना झेपेल अशीच वाजवलेली होती. त्यातून १९७१ साली नाणं टाकून साथ देणारी ११ यंत्रं तयार झाली आणि भाड्याने लागली. म्हणजे पहिली टेप एका माणसाच्या मापाने शिवलेली होती. नंतरचा सगळा माल तयार कपड्यांचा. इनोउएंनी पेटंट काही घेतलं नाही. २००४ मध्ये त्यांना इग नोबेलचा शांतता पुरस्कार मिळाला, तो लोकांना एकमेकांना सहन करायला शिकवणारा नवा मार्ग शोधल्याबद्दल. पुरस्कार थट्टेचा असला, तरी श्रोत्यांची दखल घेणारा माझ्या माहितीतला हा एकमेव संगीत पुरस्कार.

जिवंत साथीदार आणि ट्रॅक यांत मूळ फरक कानांचा. गायक मुखड्यावर जरा उशिरा आला तर तबलजी सांभाळून घेतो. ठेका किंचित सैल सोडतो, समेवर पुन्हा गाठतो. ट्रॅक कुणाचं ऐकत नाही. तुम्ही अंतऱ्यात दोन मात्रा हरवल्या तर तो निवांत पुढे निघून जातो. मग त्या खोलीत गायकाखेरीज ऐकणारं कोण उरलं? न गाणारेच.

त्यांचं पहिलं काम ते काहीही न करता करतात. नुसते बसतात. आपल्याकडचे सोसायटीचे हॉल म्हणजे फरशी, गिलावा आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या; आवाज शोषणारं असं काहीच नाही. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा, आणि तो प्रश्न वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाच्या गळ्यात पडला. शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, एकेक मांडत घुमारा मोजायचा, सकाळच्या आत परत नेऊन ठेवायच्या, असा त्याचा उद्योग. स्वतःच्या कपड्यांनीही आकडे हलतात हे लक्षात आल्यावर तो मोजणीला ठरलेलेच कपडे घालू लागला. शोषणाचं एकक म्हणून त्याने उघडी खिडकी घेतली, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. या मापाने कपडे घातलेला, खुर्चीत बसलेला एक माणूस म्हणजे साधारण अर्धा चौरस मीटर उघडी खिडकी.

सॅबिनचं सूत्र वापरून पाहू. हॉल १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच. घनफळ ३३६ घनमीटर. भिंती, छत आणि जमीन मिळून ३३२ चौरस मीटर, आणि अशा टणक पृष्ठभागाचं शोषण सरासरी पाच टक्के धरलं तर सुमारे १७ चौरस मीटर खिडकी. घुमण्याचा काळ = ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले शोषण. रिकाम्या हॉलमध्ये उत्तर येतं सव्वातीन सेकंदांच्या आसपास. साठ माणसं बसली की ३० चौरस मीटरची भर पडते आणि तेच उत्तर १.२ सेकंदांच्या खाली येतं. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये साउंडवाला आवाज 'सेट' करतो आणि संध्याकाळी सगळं वेगळंच ऐकू येतं, त्याचं कारण हे. शब्द कळायला लागतात ते श्रोत्यांच्या अंगावरच्या कापडामुळे.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे वळतो, म्हणजे टाळीकडे.

२००० साली 'नेचर' या नियतकालिकात झोल्तान नेदा, आल्बर्ट-लास्लो बाराबाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा छोटासा शोधनिबंध आला. रुमानिया आणि हंगेरीतल्या नाट्यगृहांत प्रयोग संपल्यावर होणाऱ्या टाळ्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या होत्या. तिकडे एक रिवाज आहे. आधी नुसता कडकडाट होतो, मग काही सेकंदांत, कुणीही इशारा न करता, सगळं नाट्यगृह एका ठेक्यात टाळ्या देऊ लागतं. थोड्या वेळाने तो ठेका मोडतो, पुन्हा कडकडाट, पुन्हा ठेका. शेकडो माणसांना एक ठेका सापडतो कसा? आणि सापडल्यावर मोडतो का?

प्रत्येक माणसाची टाळीची एक स्वाभाविक गती असते. उत्साहात वाजवलेली टाळी सेकंदाला साधारण चार वेळा पडते, पण यात माणसामाणसांत फरक बराच; कुणी साडेतीन, कुणी पाच. टाळी संथ असेल तर ती सेकंदाला दोनच्या आसपास येते, आणि तिथे माणसांतला फरक बराच कमी होतो. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, सगळं तिच्यावर उभं आहे.

या प्रश्नाचं गणित जपानी भौतिकशास्त्रज्ञ योशिकी कुरामोतो यांनी १९७५ सालीच मांडून ठेवलं होतं, टाळ्यांचा विचारही न करता. समजा, खूप आंदोलकं आहेत. आंदोलक म्हणजे ठरावीक काळाने तेच ते करणारी कुठलीही गोष्ट : काजवा, हृदयातली ठोका देणारी पेशी, टाळी वाजवणारा माणूस. प्रत्येकाची स्वतःची गती वेगळी, आणि प्रत्येकावर बाकीच्यांच्या सरासरीचा थोडा ओढा. पुढे असलेल्याला तो मागे खेचतो, मागे असलेल्याला पुढे ढकलतो. ओढ्याची ताकद शून्यापासून हळूहळू वाढवत गेलो तर काय होईल? आपल्याला वाटेल, एकतालपणाही हळूहळू वाढत जाईल. तसं होत नाही. एका ठरावीक किमतीपर्यंत काहीच होत नाही. सगळे आपापल्या नादात. ती किंमत ओलांडली की अचानक एक गट जुळतो, जुळलेल्या गटामुळे ओढा वाढतो, त्यामुळे आणखी लोक जुळतात. पाण्याचा बर्फ होतो तशा अवस्थांतराच्या जातकुळीतला हा प्रकार. आणि ती उंबरठ्याची किंमत ठरते स्वाभाविक गतींच्या पसाऱ्यावरून. पसारा लोरेंट्झच्या वक्रासारखा असेल तर उंबरठा त्या वक्राच्या अर्ध्या उंचीवरच्या अर्धरुंदीच्या बरोबर दुप्पट येतो. हे वाक्य डोक्यावरून गेलं तरी चालेल. मुद्दा असा, की माणसं जितकी वेगवेगळ्या गतीची, तितका त्यांना जुळवायला ओढा जास्त लागतो.

प्रेक्षागृहात ओढा वाढवणं कुणाच्या हातात नसतं. पसारा मात्र कमी करता येतो, आणि प्रेक्षक नेमकं तेच करतात : टाळीची गती निम्म्यावर आणतात. संथ टाळीत माणसामाणसांतला फरक कमी, त्यामुळे उंबरठा खाली येतो आणि ठेका जमतो. पण त्याची किंमत मोजावी लागते. सेकंदाला टाळ्या निम्म्या झाल्या म्हणजे एकूण आवाज सरासरीने घटला. खूश झालेल्या लोकांना आवाज हवा असतो. ते टाळी जलद करतात, पसारा वाढतो, ठेका फुटतो. जास्तीत जास्त आवाज आणि नेमका ठेका या दोन्ही गोष्टी एका वेळी मिळत नाहीत, म्हणून नाट्यगृह दोन्हींमध्ये झोके घेत राहतं. मला तर या निबंधाचं कौतुक प्रयोगापेक्षा या एका वाक्यासाठी वाटतं.

कराओकेत गाणं चालू असताना परिस्थिती थोडी निराळी असते. तिथे ट्रॅक हा बाहेरचा चालक आहे, लोकांना एकमेकांशी जुळायची गरज नाही, सगळे ट्रॅकशी जुळले की झालं. तरी निम्म्या गतीची युक्ती इथेही दिसते. गाणं द्रुत असलं की थोड्या वेळात हॉल एकाआड एक मात्रेवर टाळी देऊ लागतो.

अडचण आहे ती वेगळीच. ध्वनीला एक मीटर जायला जवळजवळ तीन मिलीसेकंद लागतात. आपल्या बारा मीटरच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेला स्पीकरचा ठोका सुमारे ३२ मिलीसेकंद उशिरा मिळतो, आणि त्यावर पडलेली टाळी गायकापर्यंत परत यायला तितकाच वेळ घेते. एकूण ६४. मिनिटाला १२० मात्रांच्या गाण्यात एक मात्रा ५०० मिलीसेकंदांची असते; म्हणजे मात्रेचा आठवा भाग हरवला. स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस चेफ आणि सहकाऱ्यांनी दोन माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून, एकमेकांचा आवाज मुद्दाम उशिरा पोहोचवून, टाळ्यांचा ठेका धरायला लावलं होतं. उशीर साधारण ११ मिलीसेकंदांच्या पलीकडे गेला की जोडीची लय उतरू लागते, कारण प्रत्येकाला दुसरा मागे पडलाय असं वाटतं आणि तो त्याच्यासाठी थांबतो. गंमत अशी की उशीर याहून बराच कमी केला तर लय चढते.

कराओकेत लय उतरू शकत नाही, ट्रॅक उतरू देत नाही. मग मागच्या रांगांच्या टाळीवर विसंबलेला गायक ट्रॅकच्या मागे पडणार, असा माझा तर्क आहे. त्यात थोडी सूटही मिळते. ठोक्याबरोबर बोट आपटायला सांगितलं तर माणसं ठोक्याची वाट पाहत नाहीत; सरावलेली नसतील तर २० ते ५० मिलीसेकंद आधीच आपटतात, आणि त्यांना स्वतःला ते अगदी वेळेवर वाटतं. हा आगाऊपणा वाटेतला काही उशीर भरून काढतो. पण संगीत भरगच्च असेल, मधल्या मात्राही वाजत असतील, तर आगाऊपणा कमी होतो, सूटही कमी. तेव्हा ठेका धरायचा असेल तर पुढच्या रांगेत बसा. मागे बसलात तर हात हलवा. प्रकाशाला उशीर नाही, आणि डोळ्यांना दिव्याच्या नुसत्या उघडझापीपेक्षा वरखाली जाणाऱ्या वस्तूची लय कितीतरी नीट पकडता येते, हे उसळणाऱ्या चेंडूच्या चित्रावरच्या प्रयोगांत दिसून आलेलं आहे. मोबाइलचा टॉर्च डोलवणारे काका त्या अर्थाने शास्त्रशुद्ध वागत असतात.

टाळीचा विषय निघाला की 'तळहातावरचे बिंदू दाबले जाऊन हृदयविकार आणि मधुमेह बरा होतो' हा फॉरवर्ड कुणीतरी पाठवतोच. मार्च २०२० मध्ये तर टाळ्यांच्या कंपनांनी विषाणू मरतो असं फिरत होतं, आणि सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाला ते खोटं असल्याचं जाहीर करावं लागलं. टाळीची ध्वनिऊर्जा इतकी किरकोळ असते की तिने समोरच्या चहाचं तापमानही मोजता येईल इतकं वाढत नाही. कराओकेने स्मरणशक्ती अमुक टक्के वाढते, अशा बातम्याही त्याच पेटीत टाका.

श्रोत्यांच्या नुसत्या नजरेचा गायकावर काय परिणाम होतो, यावरही संशोधन आहे. १९६५ साली मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी मांडलं की पाहणारे असले की अंगवळणी पडलेलं काम सुधारतं आणि कच्चं काम बिघडतं. १९८२ मध्ये पूल हा बिलियर्ड्ससारखा खेळ खेळणाऱ्यांचं निरीक्षण झालं : चार जण टेबलाजवळ येऊन पाहू लागले तेव्हा चांगल्या खेळाडूंचे अचूक फटके ७१ टक्क्यांवरून ८० वर गेले, कच्च्यांचे ३६ वरून २५ वर आले. प्रवचनांत आणि प्रशिक्षण वर्गांत हा प्रयोग फार लाडका आहे. पण लगेच पुढच्या वर्षी २४१ अभ्यास एकत्र तपासले गेले आणि कामगिरीतल्या चढउतारापैकी जेमतेम ०.३ ते ३ टक्के भाग पाहणाऱ्यांच्या उपस्थितीने समजावता आला. 'समोर माणसं पाहून सूर गेला' हे कारण म्हणूनच जपून द्यावं.

गाण्यानंतरच्या टाळ्यांचंही तसंच. रिचर्ड मान आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये विद्यार्थ्यांचे छोटे गट भाषणं ऐकताना चित्रित केले. कोण कधी टाळी सुरू करतो आणि कधी थांबवतो, हे शेजाऱ्याकडे पाहून ठरत नव्हतं; खोलीतले एकूण किती जण वाजवताहेत यावर ठरत होतं. थांबणंही सुरू होण्यासारखंच संसर्गजन्य. पहिले एक-दोन जण कधी थांबतात हा निव्वळ योगायोग असतो आणि बाकीचे त्यांच्यामागे जातात, त्यामुळे तेवढ्याच चांगल्या भाषणाला कधी लांबलचक टाळी मिळते, कधी तोकडी. निवेदक "एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या" म्हणतो तेव्हा तो याच गणितात हात घालत असतो. गायकाने त्या टाळीवरून पुढचं अवघड गाणं निवडू नये इतकंच.