घरच्या मसाल्याची मागणी आता मोबाइलवरून: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

वर्षाचा मसाला करून घेणारी बहुतेक घरे एप्रिल आणि मे या दोन महिन्यांतच मुंबईत लालबागला, आमच्यासारख्या मसाल्याच्या दुकानांत येतात, कारण पावसाळ्यापूर्वी मिरचीला कडक ऊन मिळावे लागते आणि कुटलेला मसाला हवा कोरडी असतानाच बरणीत भरावा लागतो. त्या दिवसांत डंकासमोर, म्हणजे मसाला कुटण्याच्या यंत्रासमोर, तासन्‌तास ताटकळावे लागते, हे आम्ही रोज पाहतो. गिरणगाव, म्हणजे लालबाग-परळचा हा कापड गिरण्यांचा भाग, सोडून विरार, बदलापूर, पनवेलकडे राहायला गेलेली कुटुंबे आजही मसाल्यासाठी इथेच येतात, आणि केवळ प्रमाण सांगण्यासाठी व नंबर लावण्यासाठी त्यांना एवढा प्रवास करावा लागू नये, या एकाच हेतूने आम्ही आमचे संकेतस्थळ मोबाइलसाठी नव्याने बांधून घेतले आहे.

आमचे जुने संकेतस्थळ संगणकाच्या मोठ्या पडद्यासाठी केलेले होते. मोबाइलवर ते उघडले की अक्षरे मुंगीएवढी दिसत, दोन बोटांनी पान ताणावे लागे, आणि ताणले की दराचा रकाना पडद्याबाहेर जाई. एका ताईंनी अर्धा किलो ब्याडगी मिरची मागवण्यासाठी बोट टेकवले, ते खालच्या ओळीवर पडले आणि त्यांच्या नावाने अर्धा किलो जहाल लवंगी मिरची नोंदली गेली. मसाला कुटून झाल्यावर चूक लक्षात आली. तो मसाला त्यांच्या घरातल्या लहान मुलांना खाता येण्याजोगा नव्हता. आम्ही तो बदलून दिला, परंतु दोष त्यांच्या बोटाचा नव्हता, आमच्या पानाचा होता.

नव्या संकेतस्थळावर पान पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःहून मांडले जाते, त्यामुळे ते ताणावे किंवा आडवे सरकवावे लागत नाही. प्रत्येक मिरचीसाठी स्वतंत्र ओळ आहे, दोन ओळींमध्ये अंगठ्याला पुरेल एवढी जागा सोडली आहे आणि ओळीच्या सुरुवातीला त्या मिरचीचे छायाचित्र आहे. रंगासाठी घेतली जाणारी सुरकुतलेली ब्याडगी, तिखटपणासाठी संकेश्वरी आणि जहाल लवंगी यांतला फरक नाव वाचण्याआधीच दिसावा, अशी ही योजना आहे. नावावर बोट टेकवल्यास मिरचीची थोडक्यात माहितीही मिळते. उदाहरणार्थ, ब्याडगीचे नाव कर्नाटकातील हावेरी जिल्ह्याच्या ज्या गावावरून पडले त्याची, आणि तिला २०११ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनाची नोंद तिथे आहे.

सर्वांत अधिक मेहनत आम्ही प्रमाणाच्या पानावर घेतली आहे, कारण मसाला घराघराचा वेगळा असतो. समजा, आपल्याला एक किलो मिरचीचा मसाला हवा आहे आणि त्यात अर्धा किलो ब्याडगी, पाव किलो संकेश्वरी व पाव किलो काश्मिरी घालायची आहे. आपण ग्रॅम भरत जाल तशी खाली एकूण मिरची आणि एकूण रक्कम बदलत जाईल. त्यानंतर धणे, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, बाद्यान, शहाजिरे, हळकुंड असा खडा मसाला येतो. तो आमच्या नेहमीच्या प्रमाणात घेता येतो किंवा एकेक जिन्नस कमी-अधिक करता येतो. नको असलेला जिन्नस शून्य करावा. ‘धणे जास्त भाजू नका’, ‘हिंग घालू नका’ यांसारख्या सूचनांसाठी शेवटी मोकळी जागा ठेवली आहे, आणि तिथे लिहिलेला मजकूर छापील चिठ्ठीवर येऊन थेट डंकावरच्या माणसाच्या हातात जातो. मिरचीचे देठ काढून घ्यायचे असल्यास वजनात घट येते, हे मागणी पक्की करण्यापूर्वीच पानावर सांगितलेले असते. शेवटी कुटण्याचा दिवस आणि वेळ निवडावी. आपण त्या वेळेला समोर उभे राहून मसाला कुटून घेऊ शकता किंवा तो घरपोच मागवू शकता.

लोकलमध्ये दोन स्थानकांच्या मध्ये नेटवर्क जाते, हे लक्षात घेऊन अर्धवट भरलेली मागणी आपल्या मोबाइलमध्येच राहील अशी सोय केली आहे. पूर्वी दरपत्रक हे एक छायाचित्र होते. आता ते साध्या मराठी अक्षरांत असल्याने अक्षरे मोठी करता येतात, आणि ज्यांना दिसत नाही त्यांना मोबाइल ते वाचूनही दाखवू शकतो.

वेगळे ॲप घ्यावे लागत नाही. या पत्रकाच्या मागे आणि आमच्या पिशवीवर छापलेला क्यूआर कोड कॅमेऱ्याने टिपला की संकेतस्थळ उघडते. ब्राउझरच्या मेनूतून ‘होम स्क्रीनवर जोडा’ हा पर्याय निवडल्यास पुढच्या वेळी कोडचीही गरज राहत नाही.

पैसे यूपीआयने द्यावेत किंवा मसाला हाती आल्यावर रोख द्यावेत. येथे एक कळकळीची विनंती आहे. परतावा मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही, आणि आमच्याकडून कोणीही फोनवर पिन किंवा ओटीपी विचारत नाही. तसे कोणी विचारल्यास फोन ठेवावा, आणि फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० यांना अनुसरून आमच्या पानावर कोणतीही चौकट आधीच खूण करून ठेवलेली नाही. बरणी किंवा घरपोच सेवा आपण निवडली तरच तिची रक्कम लागते. तक्रारीची पोच ४८ तासांच्या आत आणि तिचे निवारण एका महिन्याच्या आत करण्यास आम्ही याच नियमांनुसार बांधील आहोत.

मिरची हातात घेऊन, मोडून, तिचा वास घेऊन पाहणे मोबाइलवर शक्य नाही. ज्यांना तसे पाहूनच घ्यायचे आहे त्यांच्यासाठी दुकान पूर्वीप्रमाणेच उघडे आहे आणि दूरध्वनीवरूनही मागणी घेतली जाईल. अनेक घरांचे प्रमाण आमच्या जुन्या वहीत लिहिलेले आहे. आपले प्रमाण त्यात असल्यास एकदा सांगावे, आम्ही ते आपल्या मोबाइल क्रमांकाखाली संकेतस्थळावर चढवून देऊ. वही मात्र आम्ही काढून टाकणार नाही.