अर्ध्या तासात बदलणारा नर

प्रयोगशाळेतला नर रॅट, म्हणजे मोठ्या जातीचा उंदीर, खच्ची केला की त्याच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन एखाद्या दिवसात तळाला जातं. मादीची ओढ मात्र लगेच जात नाही. आधी वीर्यस्खलन थांबतं. मादीवर नुसतं चढणं कित्येक आठवडे रेंगाळतं. पुन्हा टेस्टोस्टेरॉन दिलं तरी गाडी रुळावर यायला आठवडा-दोन आठवडे जातात. संप्रेरक (हार्मोन) पेशीच्या केंद्रकातल्या ग्राहीला, म्हणजे ते ओळखणाऱ्या प्रथिनाला, चिकटणार, जनुकं जागी होणार, मग प्रथिनं तयार होणार. एवढ्या खटाटोपाला वेळ हा लागणारच.

पण नर उंदराला (रॅट नव्हे, लहान माउसला) अनोळखी मादी दिसली, किंवा नुसतं तिचं मूत्र हुंगायला मिळालं, तरी साधारण अर्ध्या-एक तासात त्याचं टेस्टोस्टेरॉन चढतं आणि थोड्या वेळाने उतरतं. फळ आठवड्यांनी मिळणार असेल, तर ही घाई कशाला?

1999 साली अमेरिकेत खच्ची केलेल्या रॅटना इस्ट्राडिओल टोचलं गेलं. 35 मिनिटांत ते मादीला जास्त हुंगू लागले, जास्त वेळा चढू लागले. हो, इस्ट्राडिओलच, ज्याला आपण सरसकट ‘बायकांचं हार्मोन’ म्हणून मोकळे होतो! नराच्या मेंदूतही अ‍ॅरोमाटेज हे विकर (एन्झाइम) टेस्टोस्टेरॉनपासून ते जागच्या जागी बनवतं. समागमाची सूत्रं हलवणारा, हायपोथॅलॅमसच्या (मेंदूच्या तळाकडच्या भागाच्या) पुढच्या टोकाचा प्रीऑप्टिक भाग हे त्याचं एक मुख्य ठिकाण. 2007 साली बेल्जियमच्या संशोधकांनी हे विकर रोखणारं औषध टोचलं, तर काही मिनिटांतच नर उंदरांचा समागम जवळपास बंद पडला. इतक्या कमी वेळात जनुकांमार्फत काम होत नाही. इथे इस्ट्राडिओल पेशीच्या पटलाजवळचे ग्राही हलवतं आणि आधीच तयार असलेल्या प्रथिनांचं काम बदलतं.

हा परिणाम पकडणं मात्र किचकट आहे. पहिली फसगत होते द्रावणात. इस्ट्राडिओल पाण्यात जेमतेम विरघळतं, म्हणून ते तिळाच्या तेलात घालून कातडीखाली टोचायची जुनी पद्धत. तेलातून ते सावकाश झिरपतं, आणि मिनिटांचा हिशेब तिथेच बुडतो. त्यासाठी ते सायक्लोडेक्स्ट्रिन या कड्यासारख्या शर्करेत बसवून पाण्यातून देतात.

दुसरी फसगत मादीची. तिची अंडाशयं काढून चाचणीच्या 48 तास आधी इस्ट्राडिओल बेंझोएट आणि सुमारे 4 तास आधी प्रोजेस्टेरॉन देतात, तेव्हा ती ठरल्या वेळी माजावर येते. नीट माजावर नसली तर नराला लाथाडते, आणि वहीत दोष नराच्या नावावर चढतो.

रॅट निशाचर, म्हणून चाचणी दिवे मालवल्यावर, मंद लाल उजेडात. नर पिंजऱ्याला आधीच सरावलेला हवा. सुई टोचण्याचा ताणही वागणं बदलतो, त्यामुळे तुलनेच्या गटाला तेच द्रावण, फक्त संप्रेरकाविना, टोचावं लागतं.

एका सुईने सगळं परत येतं असंही नाही. 1999 च्या त्या रॅटमध्ये वाढलं ते हुंगणं आणि चढणं. पूर्ण समागमासाठी संथ वाटेने झालेली आठवड्यांची तयारी लागतेच.