अकरा सामने, चार गोल आणि शहाबादी फरशी

मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की आमच्या कोथरूडच्या गच्चीवर मला एक रिकामा उद्योग असतो. शहाबादी फरश्या दिवसभर तापलेल्या असतात. पहिले टपोरे थेंब पडतात तेव्हा जेमतेम अर्धा मिनिट प्रत्येक थेंबाचा काळा ठिपका वेगळा दिसतो, मग सगळंच भिजून जातं. तेवढ्या वेळात बघायचं. कुठल्या फरशीवर एक ठिपका, कुठे दोन, एखादीवर चक्क चार, आणि कितीतरी फरश्या ठणठणीत कोरड्या. ढगाचा त्यांच्यावर काही राग नसतो. थेंब थोडे आणि फरश्या पुष्कळ, मग दुसरं काय होणार?

भारतीय पुरुष फुटबॉल संघाचं २०२४ साल वहीत मांडलं तेव्हा मला हीच गच्ची आठवली. अकरा आंतरराष्ट्रीय सामने, एकही विजय नाही. पाच बरोबरीत, सहा हरले. गोल केले चार, खाल्ले पंधरा. जानेवारीत कतारमधल्या आशिया चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरियाविरुद्ध शून्य गोल. गुवाहाटीत अफगाणिस्तानविरुद्ध एक, तोही सुनील छेत्रीच्या पेनल्टीवर. कोलकात्यात छेत्रीच्या निरोपाच्या सामन्यात कुवेतशी ०-०. हैदराबादेत मॉरिशसशीही ०-०. अकरा फरश्यांपैकी सात कोरड्या आणि चारांवर एकेक थेंब.

थेंबांच्या अशा विखुरण्याचं गणित प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ मध्ये मांडलं (आपल्या कॉलेजांत त्याला सर्रास पॉयसन म्हणतात). या सूत्राला फक्त सरासरी द्यायची. किती वेळा शून्य येईल, किती वेळा एक, किती वेळा दोन, ते सूत्र सांगतं. त्याची गाजलेली परीक्षा जरा विचित्र आहे. बोर्टकीव्हिच या संख्याशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये प्रशियाच्या सैन्यात घोड्याची लाथ बसून मेलेल्या सैनिकांची आकडेवारी तपासली. दहा तुकड्या, वीस वर्षं, म्हणजे दोनशे नोंदी, आणि मृत्यू १२२. सूत्र म्हणत होतं, सुमारे १०९ नोंदींत एकही मृत्यू नसेल. प्रत्यक्षात १०९ च निघाल्या.

गोल हा प्रकार घोड्याच्या लाथेसारखाच, क्वचित घडणारा. कबड्डीत एकेक संघ तीस-तीस गुण घेतो, त्यामुळे एखादी चुकीची पकड पुढे भरून निघते. फुटबॉलमध्ये भरून काढायला वेळच मिळत नाही. बालेवाडीच्या मैदानात ३० जानेवारी २०२२ ला महिलांच्या आशिया चषकाची ऑस्ट्रेलिया-दक्षिण कोरिया उपांत्यपूर्व लढत झाली. ऑस्ट्रेलियाने साखळीच्या तीन सामन्यांत २४ गोल ठोकले होते, त्यातले १८ एकट्या इंडोनेशियाविरुद्ध. बालेवाडीत एकही झाला नाही. शेवटच्या मिनिटांत जी सो-युनने लांबून एक मारला आणि कोरिया १-० ने जिंकली.

आता आपला संघ. अकरा सामन्यांत चार गोल म्हणजे सरासरी ०.३६. प्वासाँच्या हिशेबाने साधारण साडेसात सामने कोरडे जावेत, सात गेले. त्याआधीच्या वर्षातले पहिले अकरा सामनेही घेतले. इम्फाळ, भुवनेश्वर, बंगळुरू, सगळे घरचे. सात जिंकले, चार बरोबरीत (त्यातले दोन पेनल्टी शूटआउटमध्ये मारले), गोल १६, खाल्ले फक्त दोन. सरासरी १.४५. सूत्र सांगतं, अडीच सामने कोरडे आणि पावणेचारांत एकेक गोल. घडलं दोन आणि चार. इतकं जुळलं की मी बेरीज पुन्हा तपासली. अर्थात सरासरी याच सामन्यांवरून काढलेली आणि सामने अकराच, तेव्हा या जुळण्यावर फार हुरळू नये.

पण ‘नशीबच फुटकं’ म्हणून सुटणाऱ्यांची गोची इथेच होते. कुठली फरशी कोरडी राहील हे नशीब ठरवतं. एकूण पाऊस किती पडेल ही वेगळी गोष्ट. दोन्ही अकरांचे मिळून वीस गोल. ते निव्वळ नशिबाने १६ आणि ४ असे वाटले जाण्याची शक्यता किती? वीस वेळा नाणं उडवून छाप चार किंवा त्याहून कमी वेळा पडण्याइतकी, म्हणजे हजारात सहा. पाऊसच आटला होता.

का आटला? प्रतिस्पर्धी तगडे होते, हे अर्धं उत्तर. आशिया चषकातले तीन सामने वगळले तरी आठ सामन्यांत चारच गोल, म्हणजे सरासरी अर्धा. घरच्या मैदानाचा आधारही फसवा निघाला. गुवाहाटी, कोलकाता आणि हैदराबादचे तीन मिळून पाच सामने घरीच झाले, गोल दोन. त्यातला दुसरा मुंबईच्या राहुल भेकेचा, मलेशियाविरुद्ध, आणि भेके बचावपटू आहे. माझ्या मते दुखणं तिथेच आहे. छेत्रीनंतर हक्काने गोल मारणारा कुणी तयारच झाला नव्हता.

आणि थेंब इतके कमी असले की एकेक जपावा लागतो. जूनमध्ये दोह्यात कतारविरुद्ध छांगतेच्या गोलमुळे भारत ७३ व्या मिनिटापर्यंत पुढे होता. मग रेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून कतारने गोल केला आणि पंचांनी तो दिला. व्हिडिओ पंच त्या फेरीत नव्हतेच. सामना १-२, विश्वचषक पात्रतेची वाट बंद. मला तो निकाल अजूनही पचलेला नाही.

पुढचा विजय आला १९ मार्च २०२५ ला शिलाँगमध्ये, मालदीवविरुद्ध ३-०, आधीच्या विजयानंतर ४८९ दिवसांनी. ०.३६ च्या सरासरीने एकाच सामन्यात तीन गोल व्हायला पावणेदोनशे-एक सामने लागले असते. पहिला गोल पुन्हा भेकेचा, दुसरा लिस्टन कोलासोचा. तिसरा चाळीस वर्षांच्या छेत्रीचा, निवृत्तीतून परत आणलेल्या.